स्फटिक घडतानाच पाहायला हवा

रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाला अमेरिकेत 1996 साली मान्यता मिळाली आणि 1998 मध्ये त्याच्या कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. रेणू तोच होता. बदलली होती ती स्फटिकात रेणू रचले जाण्याची पद्धत. हे नवं रूप जास्त स्थिर, म्हणूनच विरघळायला नाखूश. औषध बनवणाऱ्या अॅबट कंपनीला त्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. रेणू बरोबर असला म्हणजे औषध बरोबर, हा समज त्या घटनेनं मोडीत काढला. पण तपासणीची जुनी सवय सहज सुटत नाही. रिअॅक्टरमधून नमुना काढायचा, गाळायचा, वाळवायचा आणि क्ष-किरणांनी त्याची रचना पाहायची. यात वेळ जातो, ही तक्रार किरकोळ आहे. खरी अडचण अशी, की गाळता-वाळवताना स्फटिकाचं रूपच बदलू शकतं. मग प्रयोगशाळा बारकाईनं तपासते ते रिअॅक्टरमध्ये कधी नसलेलंच काहीतरी.

म्हणून प्रोब, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्यानं मोजमाप करणारी दांडी, थेट द्रावणात बुडवायचा. अवरक्त प्रोब द्रावणात अजून किती औषध विरघळलेलं आहे हे सांगतो, तर रामन प्रोब तयार होणारे स्फटिक कोणत्या रूपाचे आहेत ते. (पाण्याचा स्वतःचा रामन संकेत क्षीण असल्यानं ओल्या मिश्रणातही ही पद्धत चालते.) द्रावण किती अतिसंपृक्त आहे, म्हणजे त्यात मावेल त्याहून किती जास्त औषध विरघळलेलं आहे, हे दर मिनिटाला कळलं, तर थंड करण्याचा वेग तिथल्या तिथे बदलता येतो आणि नको ते रूप डोकं वर काढण्याआधीच हात आखडता घेता येतो.

आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. प्रोबच्या काचेवर स्फटिक चिकटतात, काही पदार्थांच्या प्रतिदीप्तीत (त्यांनी स्वतः सोडलेल्या प्रकाशात) रामन संकेत बुडून जातो, आणि नको असलेलं रूप अगदी अल्प प्रमाणात असेल तर ते निसटतंही. मुख्य म्हणजे, आधी कधी न दिसलेल्या रूपाचा वर्णपट संदर्भसंग्रहात असणार कुठून? रिटोनाविरचं दुसरं रूप प्रोबनं टाळता आलं असतं, असा दावा म्हणूनच करता येत नाही. पण वर्णपटात अनोळखी रेषा उमटली, तर ‘काहीतरी वेगळं घडतंय’ एवढा इशारा बॅच चालू असतानाच मिळू शकतो. एरवी तो उशिरा, कधी कधी गोळी तयार झाल्यावर मिळतो. प्रोब महाग पडतो, हा आक्षेप एकाच रूपात स्फटिक होणाऱ्या औषधांपुरता मान्य. जिथे एकाहून अधिक रूपं माहीत आहेत, तिथे प्रोब ऐच्छिक मानणं चूक आहे. गुणवत्ता शेवटच्या चाचणीतून नव्हे, उत्पादनातूनच यायला हवी, असं अमेरिकेच्या औषध नियामकानं 2004 च्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवलं आहे.