पॉलीहाऊसचा कॅमेरा व राउटरची देवडी

तळेगाव दाभाडे परिसरातील गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये बसविलेला कॅमेरा घरच्या राउटरशी जोडलेला असतो. तो परगावाहून पाहावयाचा झाल्यास राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून ठेवता येते. राउटर हा वाड्याच्या देवडीवरील पहारेकरीच होय. बाहेरून आलेली मागणी कोणत्या खोलीकडे धाडावी, हे त्यास आगाऊ सांगावे लागते. प्रथम कॅमेऱ्याचा अंतर्गत पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, कायम करावा. नंतर चित्राचे पोर्ट, बहुधा ५५४, त्या पत्त्याकडे वळवावे. राउटरचा बाहेरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असल्यास तो अनेक ग्राहकांत सामाईक असतो व ही खटपट व्यर्थ जाते. इंटरनेट पुरविणाऱ्याकडे स्वतंत्र पत्ता मागावा. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातील मूळ परवलीचे शब्द तसेच राहिलेले लक्षावधी कॅमेरे व राउटर बळकावले होते. तेव्हा परवलीचा शब्द आधी बदलावा, मगच पोर्ट उघडावे.