पिशवी काढल्यावर वजन का वाढतं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे.

मागच्या वर्षी आईचं गर्भाशय काढलं. फायब्रॉइडच्या गाठी होत्या, रक्तस्राव थांबत नव्हता. पुढच्या चार महिन्यांत तिचं वजन ६ किलो वाढलं. "पिशवी काढली की बायका सुटतातच," शेजारच्या काकू म्हणाल्या. आईने रात्रीचं जेवण सोडलं. वजन तसंच राहिलं, चक्कर मात्र यायला लागली. मग मी बग शोधायला बसतो तसा बसलो.

पहिला प्रश्न: अंडाशय ठेवले की काढले? घरात कुणालाच माहीत नव्हतं! डिस्चार्ज कार्ड काढून बघितलं. इस्ट्रोजेन तयार होतं अंडाशयात, गर्भाशयात नाही. पाळी जाण्याआधीच दोन्ही अंडाशय काढले तर रजोनिवृत्ती एकदम येते आणि चरबी पोटाकडे जास्त साठू लागते. आईचे ठेवले होते. मग वजन आलं कुठून?

बरंचसं आमच्याच घरातून. 'सहा आठवडे जड उचलू नका' याचा अर्थ आम्ही 'हलूच नका' असा घेतला. खरं तर सगळं ठीक असेल तर डॉक्टर एक-दोन दिवसांतच थोडं चालायला लावतात. पडून राहिलं की स्नायू घटतात आणि शरीराची ऊर्जेची गरजही कमी होते. वर रोज दोन डिंकाचे लाडू! बाळंतिणीचा खुराक आम्ही पन्नाशीच्या आईला प्रेमाने भरवत होतो.

डॉक्टरांना विचारून बदल केले. थायरॉइड तपासला, नॉर्मल निघाला. लाडू बंद, रात्रीचं जेवण परत सुरू: एक भाकरी, मुगाची उसळ, ताक. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. नंतर खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, म्हणजे मांड्यांचे स्नायू परत येतात. वजन आठवड्यातून एकदाच करायचं, रोज नाही. सहा महिन्यांत ३ किलो उतरले. चक्कर गेली, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

एक लक्षात ठेवा: ऑपरेशननंतर ताप, जास्त रक्तस्राव, एकाच पायाला सूज किंवा धाप, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय नकोत. लगेच डॉक्टरांकडे जा.

परवा आई म्हणाली, "आराम कर सगळे म्हणाले रे, चल फिरायला असं कुणीच म्हणालं नाही." आता संध्याकाळी लॅपटॉप मिटला की आम्ही दोघं निघतो. तुमच्या घरी असं कुणी असेल तर आजच विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!