मक्याची ॲलर्जी आणि दैनंदिन जीवन

एखाद्या अन्नपदार्थाची बाधा होणाऱ्या मनुष्याने तो पदार्थ वर्ज्य करावा, हा उपाय वरवर पाहता अगदी सोपा वाटतो. कोळंबीने ज्याच्या अंगावर गांधी उठतात त्याने कोळंबी खाऊ नये. अंड्याने ज्याला धाप लागते त्याने अंडे टाळावे. मक्याची गोष्ट मात्र निराळी आहे. भाजलेले कणीस, लाह्या, मक्याची भाकरी किंवा दिवाळीच्या चिवड्यातील मक्याचे पोहे ही मक्याची उघड रूपे होत. ती टाळणे कठीण नाही. परंतु कारखान्यात गेलेल्या मक्याचे कणीसही राहत नाही आणि पीठही राहत नाही. पुष्कळदा त्याचे नावसुद्धा त्याच्याबरोबर राहत नाही. ज्याला मका बाधतो त्याची खरी अडचण या बिननावाच्या मक्यामुळे निर्माण होते. ती समजून घ्यावयाची तर प्रथम ॲलर्जीचे स्वरूप, नंतर मक्यावर होणाऱ्या प्रक्रिया आणि शेवटी वेष्टनांविषयीचे कायदे, अशा क्रमाने विचार करणे सोयीचे होईल.

ॲलर्जीचे स्वरूप

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजिला. रक्तातील कोणता घटक या बाधेस कारण होतो, हे मात्र पुढे पुष्कळ वर्षे अज्ञात होते. १९२१ मध्ये प्राउस्निट्झ व क्युस्टनर या जर्मन संशोधकांनी एक उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. क्युस्टनर यांना माशांची बाधा होत असे. त्यांचा थोडासा रक्तरस प्राउस्निट्झ यांच्या त्वचेत टोचला आणि नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तेव्हा तेथे गांध उठली. बाधेचे कारण रक्तावाटे एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेता येते, हे त्यावरून सिद्ध झाले. हे कारण म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन-ई या वर्गाचे प्रतिपिंड होत, असे अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी व स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. १९६८ मध्ये त्यांना हे नाव अधिकृतपणे मिळाले.

एरवी निरुपद्रवी असलेल्या एखाद्या प्रथिनाविरुद्ध शरीर हे प्रतिपिंड निर्माण करते. त्वचा, श्वासमार्ग व आतडी यांतील मास्ट पेशींना ते चिकटून राहतात. तेच प्रथिन पुन्हा शरीरात आले की या पेशींतून हिस्टामीन व तत्सम द्रव्ये एकाएकी बाहेर पडतात. मग अंगाला खाज सुटते, गांधी उठतात, ओठ व जीभ सुजतात, वांती होते किंवा दम लागतो. ही लक्षणे बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांच्या आत दिसू लागतात. बाधा अतितीव्र असेल तर रक्तदाब झपाट्याने उतरतो, श्वास कोंडतो आणि प्राणावर बेतते. या अवस्थेस तीव्रग्राहिता असे म्हणतात.

मका खाल्ल्यानंतर होणारी प्रत्येक तक्रार ॲलर्जीच असते असे नाही. कणीस पचावयास जड असल्याने पोट फुगणे हा पचनाचा प्रश्न होय. तसेच गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक रोगही यांहून वेगळा आहे. उलट, त्या रोगात गव्हाऐवजी मका खाण्याचा सल्ला दिला जातो. त्यामुळे ‘ग्लुटेनमुक्त’ अशी अक्षरे असलेला पदार्थ एका रुग्णास हितकर असतो, तर दुसऱ्यास तोच घातक ठरू शकतो. ‘बाधत नाही’ असा सरसकट अर्थ त्या अक्षरांतून काढणे चुकीचे आहे.

मक्यातील प्रथिने

मक्याच्या वाळलेल्या दाण्यात सुमारे सत्तर टक्के स्टार्च, आठ ते दहा टक्के प्रथिने आणि चार ते पाच टक्के तेल असते. ॲलर्जी होते ती प्रथिनांची. स्टार्चची किंवा साखरेची नव्हे. मक्यातील कोणते प्रथिन मुख्यतः बाधते, यासंबंधी इटलीतील संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. उत्तर इटलीत मक्याच्या जाडसर पिठाचा पोलेंता हा पदार्थ नित्याच्या जेवणात असतो. आपल्याकडील घाट्याशी त्याचे साम्य आहे. या अभ्यासातील २२ रुग्णांपैकी १९ जणांच्या रक्तरसाने मक्यातील एकाच लहान प्रथिनाशी प्रतिक्रिया दाखविली. हे प्रथिन मेद वाहून नेणाऱ्या वनस्पतिज प्रथिनांच्या कुळातील आहे.

या कुळातील प्रथिनांची घडण घट्ट असते. शिजवल्याने ती सहजासहजी मोडत नाही आणि जठररसातही टिकून राहते. म्हणून ‘चांगले शिजवले म्हणजे दोष जातो’ हा घरगुती समज येथे लागू पडत नाही. उकडलेले कणीस आणि भाजलेले कणीस अशा रुग्णास सारखेच वर्ज्य होय. याच कुळातील प्रथिने पीच या फळात व तांदळातही असतात आणि मक्यातील प्रथिनाशी त्यांचे साम्य आहे. तथापि रक्तपरीक्षेत दिसणारे साम्य आणि प्रत्यक्ष खाल्ल्यावर होणारी बाधा या भिन्न गोष्टी होत. केवळ अशा परीक्षेवरून भात सोडावयाचा निर्णय कोणी करू नये.

मक्याचे कारखान्यातील रूपांतर

१८११ मध्ये रशियात किर्खहोफ या रसायनज्ञाने आम्लाच्या साहाय्याने स्टार्चचे साखरेत रूपांतर केले. १८४२ च्या सुमारास अमेरिकेत टॉमस किंग्जफर्ड यांनी मक्यापासून शुद्ध स्टार्च काढण्याची रीत बसविली. पुढे १९५७ मध्ये मार्शल व कूई यांनी ग्लुकोजचे फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करणारे विकर वर्णिले आणि त्यातून मक्याच्या गोड पाकाचा प्रचंड उद्योग उभा राहिला. मक्याची नावे वाढत गेली ती याच मार्गाने.

कारखान्यात मका अल्पसा सल्फर डाय-ऑक्साइड मिसळलेल्या कोमट पाण्यात तीस ते पन्नास तास भिजत घालतात. नंतर तो भरडून कोंब, कोंडा, प्रथिने व स्टार्च हे भाग वेगळे करतात. अशा रीतीने मिळालेल्या स्टार्चमध्ये शेकडा सुमारे ०.३ भाग प्रथिन उरते. कॉर्नफ्लोअर म्हणून आपल्या बाजारात मिळणारी पांढरी भुकटी ती हीच. सूप व चिनी पद्धतीचे रस्से दाट करण्यासाठी ती वापरतात. कस्टर्डच्या भुकटीचा मुख्य घटक तीच असते. बेकिंग पावडर कोरडी राहावी म्हणून तीत व गोळे होऊ नयेत म्हणून दळलेल्या साखरेतही ती मिसळली जाते. मक्याच्या पिवळ्या पिठात मात्र दाण्यातील बहुतेक प्रथिने कायम असतात. या दोन पिठांतील भेद रुग्णाच्या घरी प्रत्येकास ठाऊक असावयास हवा.

स्टार्चपासून पुढे ग्लुकोजचा पाक, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन व सॉर्बिटॉल तयार होतात. साखरेच्या द्रावणात विशिष्ट बुरशी वाढवून सायट्रिक आम्ल काढतात आणि ती साखर पुष्कळदा मक्याची असते. अमेरिकेत आयोडीनयुक्त मिठातही आयोडाइड टिकावे म्हणून डेक्स्ट्रोज घालण्याची पद्धत आहे. भारतात या कामी पोटॅशियम आयोडेट वापरतात. ते अधिक स्थिर असल्याने त्याची गरज पडत नाही.

ही यादी वाचून रुग्ण घाबरून जाणे स्वाभाविक आहे. परंतु येथे प्रमाणाचा विवेक करावयास हवा. प्रक्रिया जितकी पुढे जाते तितका प्रथिनांचा अंश घटत जातो. पिठात तो भरपूर, स्टार्चमध्ये थोडा आणि शुद्ध डेक्स्ट्रोजमध्ये जवळजवळ नगण्य असतो. गव्हापासून केलेल्या ग्लुकोजच्या पाकास युरोपीय संघाने ॲलर्जीविषयक सूचनेतून सूट दिली आहे ती याच कारणास्तव. म्हणून बहुसंख्य रुग्णांना अशा शुद्ध पदार्थांपासून तीव्र बाधा होण्याचा संभव कमी असतो. तथापि ‘बहुसंख्य’ म्हणजे ‘सर्व’ नव्हेत आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णास अंदाजाने ठरविता येत नाही.

औषधे आणि रुग्णालय

मक्याचा स्टार्च गोळ्या बांधण्यासाठी आणि पोटात गेल्यावर त्या विरघळाव्यात म्हणूनही वापरला जातो. शिरेतून देण्याचे डेक्स्ट्रोजही सामान्यतः मक्यापासूनच तयार होते. मक्याची ॲलर्जी असलेल्या रुग्णास ते देणे इष्ट नसू शकते, अशी सूचना अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकात छापलेली असते. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरावयाच्या रबरी हातमोज्यांना आतून मक्याच्या स्टार्चची भुकटी लावण्याची प्रथाही दीर्घकाळ होती. ही भुकटी रबरातील प्रथिने हवेत पसरविते व जखमेतही उपद्रव करते, असे आढळल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१७ पासून अशा हातमोज्यांवर बंदी घातली. रुग्णालयात दाखल होताना औषधांच्या ॲलर्जीविषयी विचारले जाते. त्याच वेळी मक्याच्या ॲलर्जीचाही उल्लेख आवर्जून करणे अगत्याचे आहे.

निदान

मका सर्वत्र लपलेला असतो या गोष्टीकडे १९५१ मध्ये रिंकेल, रँडॉल्फ व झेलर या अमेरिकन वैद्यांच्या अन्नविषयक ॲलर्जीवरील ग्रंथाने लक्ष वेधले. ही जाणीव उपयुक्त होती; परंतु तिच्यात एक धोकाही होता. जी वस्तू सर्वत्र आहे तिच्यावर कोणत्याही दुखण्याचा दोष सहज लादता येतो. रँडॉल्फ यांनी पुढे डोकेदुखीपासून मनोविकारापर्यंत अनेक व्याधींचा संबंध अन्न व परिसर यांतील द्रव्यांशी जोडला. त्या मतास वैद्यकाच्या मुख्य प्रवाहाने मान्यता दिली नाही.

म्हणून निदान काटेकोर असावयास हवे. प्रथम काय खाल्ले व किती वेळाने काय झाले याची नीट नोंद, त्यानंतर त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून सुईने टोचण्याची परीक्षा किंवा रक्तातील प्रतिपिंडांचे मापन, आणि शंका उरल्यास रुग्णालयात देखरेखीखाली प्रत्यक्ष मका देऊन पाहणे, असा क्रम आहे. शेवटच्या परीक्षेच्या काटेकोर प्रकारात मका कोणत्या घासात आहे हे रुग्णासही ठाऊक नसते व देणाऱ्यासही नसते. त्वचेची किंवा रक्ताची परीक्षा केवळ प्रवृत्ती दाखविते. ती सकारात्मक येऊनही मका निर्वेधपणे खाणारी माणसे आढळतात. उलट, या प्रत्यक्ष परीक्षेत काही रुग्णांस तीव्रग्राहिता झाल्याचीही नोंद आहे. म्हणून ती घरी करून पाहू नये. कारण नसता पथ्य पाळणाऱ्या मुलाचे पोषण खुंटते आणि कारण असता न पाळणाऱ्याचा जीव धोक्यात येतो. निदानावर अवलंबून असते ते हे.

कायदा व वेष्टन

अमेरिकेत २००४ च्या कायद्याने दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, कठीण कवचाची फळे, गहू, भुईमूग व सोयाबीन या आठ पदार्थांची नावे वेष्टनावर स्पष्ट छापणे बंधनकारक झाले. २०२१ च्या कायद्याने त्यांत तिळाची भर पडली. युरोपीय संघाच्या यादीत चौदा पदार्थ आहेत. भारतात २०२० च्या वेष्टनविषयक नियमांत ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, भुईमूग, सोयाबीन इत्यादींचा समावेश आहे. या तिन्ही याद्यांत मका नाही. ज्या पदार्थांची बाधा अधिक लोकांस होते ते प्रथम घेणे हे तत्त्व त्यामागे आहे आणि ते गैर म्हणता येत नाही. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, संख्येने थोडे असलेल्या रुग्णांवर शोधाचा सारा भार पडतो.

अमेरिकेत घटकांच्या यादीत नुसते ‘स्टार्च’ असे लिहिले असल्यास तो मक्याचा समजावा असा प्रघात आहे. भारतात मात्र तो मक्याचा असेल किंवा तमिळनाडूतील सेलम भागात ज्यापासून साबुदाणा होतो त्या टॅपिओकाचाही असेल; केवळ नावावरून उलगडा होत नाही. धान्याचे मूळ नाव घटकाच्या पुढे छापावे एवढी साधी तरतूद झाली, तरी रुग्णाचा पुष्कळ त्रास वाचेल.

दैनंदिन आचरण

महाराष्ट्रातील रुग्णास एक अनुकूलता आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू, तांदूळ, डाळी व भाज्या यांवर आधारलेल्या घरच्या जेवणात मका मुळात फारसा नसतो. पदार्थ दाट करण्यास तांदळाचे पीठ, बेसन किंवा नाचणीचे सत्त्व चालते. बाधा घरच्या पोळी-भाजीतून नव्हे, तर विकतच्या पुडीतून, उपाहारगृहातील रश्शातून आणि समारंभाच्या पंक्तीतून येण्याचा संभव अधिक. ज्या कढईत मक्याच्या पिठात घोळलेले पदार्थ तळले तिच्यातच इतर पदार्थ तळल्यास तेही दूषित होतात, हे ध्यानात ठेवावे.

घटकांची यादी प्रत्येक खरेदीच्या वेळी वाचावी, कारण उत्पादक ती बदलतात. संशय असल्यास उत्पादकास लेखी विचारावे. औषधविक्रेत्याकडून गोळीतील औषधेतर घटकांची माहिती घ्यावी. मुलाच्या शाळेत लेखी सूचना द्यावी. ज्यास पूर्वी तीव्र बाधा झाली आहे त्याने वैद्याच्या सल्ल्याने ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जवळ बाळगावे. तीव्रग्राहितेत मांडीच्या स्नायूत ते त्वरित देणे हाच मुख्य उपचार होय. हिस्टामीनविरोधी गोळी खाज शमविते, परंतु त्याची जागा घेऊ शकत नाही. इंजेक्शन दिल्यावरही रुग्णास रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

राहता राहिला सामाजिक भाग. पंक्तीत आग्रह करणे हे आपल्याकडे आदरातिथ्याचे लक्षण मानतात आणि ताटातील पदार्थ नाकारणे यजमानास रुचत नाही. ‘एका घासाने काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर या रुग्णाच्या बाबतीत गंभीर असू शकते. त्याने काय घातले आहे असे विचारणे हा चोखंदळपणा नव्हे. वेष्टनावर जे लिहिलेले नसते ते जाणून घेण्याचा तेवढाच एक मार्ग त्याच्यापाशी असतो. यजमानाने त्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे आणि ठाऊक नसल्यास तसे स्पष्ट सांगावे.