श्रीपूरची ‘रेग्युलर’ वारी

माळशिरस तालुक्यात ‘रेग्युलर’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. पोरगा कॉलेजला रेग्युलर जातो, एसटी रेग्युलर आहे, कॅनॉलचं पाणी रेग्युलर नाही. बोलताना काही अडत नाही. पण हीच वाक्यं इंग्रजीत नीट मांडायला बसलं की कळतं, आपण एका शब्दावर तीन निरनिराळे प्रश्न लादले होते. गोष्ट किती वेळा घडते? किती सारख्या अंतराने घडते? आणि ती घडेलच याचा भरवसा किती? इंग्रजी या तिन्हींसाठी वेगवेगळी क्रियाविशेषणं वापरते. ती ओळखायला याच तालुक्यातल्या श्रीपूरसारखं दुसरं गाव शोधून सापडणार नाही. तिथे साखर कारखाना आहे, शेजारून पालखीची वाट जाते आणि वर आभाळाचा नेम नाही.

कारखान्यापासून सुरुवात करू. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि तिच्या कारखान्यामुळे श्रीपूरचं नाव झालं. कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी पडली की गळीत हंगाम सुरू होतो. तोडलेला ऊस पडून राहिला तर त्यातली साखर घटत जाते. म्हणून एकदा पेटलेला कारखाना शक्यतो थांबू देत नाहीत. पाळ्या बदलतात, माणसं बदलतात, गाळप चालूच राहतं. ते ‘कन्टिन्युअसली’ चालतं, म्हणजे मध्ये खंड नाही. वजनकाट्यावर मात्र निराळं चित्र असतं. ट्रॅक्टर-ट्रॉली येते, वजन होतं, थोडा वेळ काटा मोकळा राहतो, मग पुढची बैलगाडी चढते. येणं संपत नाही, पण मध्ये फट असते. काटेकोर लिहिणारे याला ‘कन्टिन्युअली’ म्हणतात. दोन्ही शब्द दिसायला जुळे, फरक काय तो एका ‘स’चा. पण गव्हाण आणि काटा यांच्यातलं सगळं अंतर त्या ‘स’मध्ये मावलेलं आहे!

आता वारी. तुकोबांची पालखी अकलूजहून निघते, माळीनगरला उभं रिंगण होतं आणि श्रीपूरवरून ती बोरगावला मुक्कामाला जाते. वर्षातून एकदाच. तरीही ती ‘रेग्युलर्ली’ येते, कारण या शब्दाला ‘पुष्कळदा’ असा अर्थच नाही. लॅटिनमध्ये ‘रेगुला’ म्हणजे रेघ मारायची सरळ पट्टी, आणि त्यावरून नियम. रेघ कितीदा ओढली हे पट्टी सांगत नाही, सरळ ओढली की नाही एवढंच सांगते. मठाच्या नियमाने राहणाऱ्या ख्रिस्ती साधूंना मध्ययुगात ‘रेग्युलर’ म्हणत, ते यामुळेच. उलट ‘फ्रीक्वेन्टली’ म्हणजे पुष्कळदा, मग अंतर कसंही असो. शेतावरची वीज ‘फ्रीक्वेन्टली’ जाते, ‘रेग्युलर्ली’ जात नाही. रोज ठरल्या वेळी गेली असती तर मोटारीचं गणित तरी बसवता आलं असतं.

आणि हा नियम तारखेचा असायलाच हवा असंही नाही. पालखी जिच्यासाठी पंढरपूरला निघते ती आषाढी एकादशी 2023 साली 29 जूनला होती, 2024 साली 17 जुलैला, 2025 साली 6 जुलैला. इंग्रजी कॅलेंडर पाहणाऱ्याला यात ताळमेळ दिसणार नाही. पंचांग उघडणाऱ्याला मात्र ती दर वर्षी त्याच तिथीला सापडते. नियमितपणा ठरतो तो आपण कोणती पट्टी लावतो त्यावर.

‘ऑलवेज’ची गोष्ट मला या सगळ्यांत सुंदर वाटते. जुन्या इंग्रजीत हा एक शब्दच नव्हता. ‘सगळी वाट’, ‘वाटभर’ अशा अर्थाचा तो शब्दसमूह होता. आधी त्याने अंतर सांगितलं, मग काळ, आणि वाटभर असणारी गोष्ट नेहमीची झाली. देहूपासून पंढरपूरपर्यंत पायी चालणाऱ्या वारकऱ्याला हा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नाही. ‘रिलिजसली’चंही तसंच. मधुमेहाची गोळी न चुकता घेणाऱ्याबद्दल इंग्रज म्हणतो, तो ती ‘रिलिजसली’ घेतो. नेमाला तिथे धर्माची उपमा दिली जाते. आपल्याकडे वारकरी ही ओळखच नेमाने वारी करण्यातून मिळते.

‘इनव्हेरिएब्ली’ हा शब्द मात्र जपून वापरावा. तो ‘कधीच फरक नाही’ अशी ग्वाही देतो. 2020 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या. म्हणजे पादुका आषाढीला पंढरीत ‘इनव्हेरिएब्ली’ पोहोचतात हे वाक्य त्या वर्षीही टिकलं. पालखी ‘इनव्हेरिएब्ली’ पायी येते, हे वाक्य त्या वर्षी पडलं. क्रियाविशेषण तेच, फक्त ते कोणत्या क्रियेपाशी उभं आहे ते पाहायचं.

भरवशाचा खास शब्द ‘रिलायेबली’. तो किती वेळा हे सांगत नाही आणि अंतरही सांगत नाही, विसंबता येईल एवढंच सांगतो. आपलं ‘हमखास’ त्याच्या अगदी जवळ बसतं. गंमत म्हणजे ‘रिलायेबल’ या मूळ विशेषणावर एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतल्या शुद्धतावाद्यांनी जोरदार टीका केली होती. शब्दाची घडणच चुकीची, असं त्यांचं म्हणणं. आज त्या शब्दावाचून एक दिवस जात नाही.

आता व्याकरणातली एक खोच. ‘ही ऑलवेज कम्स’ म्हणजे तो नेहमी येतो, साधी माहिती. ‘ही इज ऑलवेज कमिंग’ म्हटलं की आवाजात बहुधा कुरकुर शिरते. क्रियापदाचं रूप बदललं आणि बोलणाऱ्याच्या कपाळावर आठी आली! मराठीत हेच काम शब्द बदलून होतं. ‘तो नेमाने येतो’ ही शाबासकी आहे, ‘तो सारखा येतो’ ही तक्रार आहे. दोन भाषांनी एकच भावना किती वेगळ्या जागी ठेवली आहे!

एका बाबतीत मात्र मराठीची श्रीमंती मला थक्क करते. आपल्याकडे नेम क्रियापदाच्या आतच मुरवता येतो. ‘भोंगा वाजे’, ‘गाडी येई’, ‘आजोबा काट्यावर जात’. यात ‘रोज’ नाही, ‘नेहमी’ नाही, तरी ते पुन्हापुन्हा घडत होतं हे ऐकणाऱ्याला कळतं. शाळेत याला रीतिभूतकाळ म्हणतात. इंग्रजी क्रियापदाला असं रूप नाही, ते ‘यूज्ड टू’ किंवा ‘वुड’ची मदत घेतं. बोलीतून ‘वाजे’, ‘येई’ मागे पडत चालले आहेत. त्यांच्या जागी ‘वाजायचा’, ‘यायची’ आले, पण नेम क्रियापदातच राहिला.

ही नेमाची इंग्रजी क्रियाविशेषणं वाक्यात बसतात कुठे? ‘ऑलवेज’, ‘युज्वली’, ‘ऑफन’ मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, पण ‘इज’, ‘आर’ असेल तर त्याच्या नंतर. ‘एव्हरी डे’सारखा शब्दसमूह बहुतेकदा शेवटी जातो. आपण ‘आय गो ऑलवेज’ म्हणून बसतो, कारण मराठीत ‘नेहमी’ला वाक्यात बरंच मोकळं फिरता येतं.

आणि पाऊस? श्रीपूरचा सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला, म्हणून नीरेच्या कालव्यावर आणि त्याच्या आवर्तनांवर इथल्या उसाचा एवढा जीव. अशा पावसासाठी इंग्रजीत ‘रेअरली’ आणि ‘सेल्डम’ आहेत. त्यांचा स्वभाव असा की ते वाक्याच्या सुरुवातीला आले तर मागचं सगळं वाक्य उलटतं. ‘इट रेअरली रेन्स’ हे सरळ. पण ‘रेअरली’ पुढे आणलं की ‘रेअरली डज इट रेन’. प्रश्न विचारलेला नसतो, तरी रचना प्रश्नाची होते. ‘नेव्हर’ही असंच करतं. ‘युज्वली’ आणि ‘ऑफन’ पुढे आले तरी वाक्य जागचं हलत नाही. नकाराकडे झुकणाऱ्या शब्दांना इंग्रजीने हा मान दिला आहे. ‘क्वचितच पडतो हो पाऊस’ म्हणताना आपण ‘च’वर जो जोर देतो, तो जोर इंग्रजी शब्दांची जागा बदलून देतं.