मेसेजला उत्तर आलं नाही, तर?

तळोज्यात पेंधरहून बेलापूरची मेट्रो पकडणाऱ्या एका तरुणीची कल्पना करा. मैत्रिणीने मेसेज वाचला, पण उत्तर दिलं नाही. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असेल, तर तेवढ्यावरून ‘हिने मला तोडलं’ अशी खात्री होते आणि बेलापूर येईपर्यंत नको ते लिहून झालेलं असतं. याला नाटक म्हणणं अन्यायाचं आहे. भावनेचा भडका खरा असतो आणि तो लवकर ओसरत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी यावर डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी घडवली. या थेरपीने स्वतःला इजा करण्याचं प्रमाण घटतं, हे १९९१च्या चाचणीत दिसलं. तरुणपणी आपणही अशाच यातना भोगल्याचं लिनेहन यांनी २०११मध्ये जाहीरपणे सांगितलं. केवढं हे धैर्य!

या थेरपीत कौशल्यं घोटून घेतात. आधी श्वास रोखून चेहरा गार पाण्यात धरायचा, ठोके मंदावतात (हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच). मग घडलं तेवढंच सांगायचं, वाटलं ते सांगायचं, हवं ते मागायचं: ‘उत्तर आलं नाही, मी घाबरले. कामात असलीस तर तेवढं कळवशील?’ असं बोलता आलं की मैत्री टिकते.

घरात कुणाला हा त्रास असेल, तर दोष देत बसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.