उणे बत्तीसचे अक्षर

आमच्या अवधपुरीतील काही मराठी कुटुंबांनी वडिलार्जित पुस्तके एकत्र करून एक लहानसे ग्रंथालय उभे केले आहे. त्याची सूची संगणकावर चढविण्याचे काम माझ्याकडे आले आणि तेथेच घोटाळा झाला. इंग्रजी नावे यथास्थित उतरत. मराठी नावांची मात्र आद्याक्षरे गळत व त्यांच्या जागी चौकोन उमटत. नवल असे की, भाच्याने आणलेल्या रास्पबेरी पाय नामक चिमुकल्या संगणकावर तोच प्रोग्रॅम बिनचूक चाले.

सूची वाचणारा भाग सी भाषेतील एका लायब्ररीतून घेतलेला होता. (ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे; इतर प्रोग्रॅमांनी उसनी घ्यावी अशी तयार कामे तीत असतात.) दिवाळीच्या सुटीत भाचा ती उघडून बसला.

"मामा, येथे तर परीक्षकाचे तोंडच बांधून ठेवले आहे!"

हा परीक्षक म्हणजे कंपायलर. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरविताना शंकास्पद जागी तो इशारा देतो. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. उदय खेडकर यांनी कार्यशाळा घेऊन ज्याचे अंतरंग शिकविले, तो जीसीसी यांपैकीच. परंतु बांधणीच्या फाइलीत कोणी तरी सर्व इशारे बंद करण्याचा आदेश लिहून ठेवला होता. वह्या न तपासता सर्वांस उत्तीर्ण करण्याचा हा प्रकार! आदेश काढताच पडदा इशाऱ्यांनी भरला. बरेचसे किरकोळ होते; एक मात्र मर्मावर बोट ठेवणारा होता. कोष्टकातील स्थान मोजण्यास 'कॅरेक्टर' जातीचा अंक वापरला आहे, असे तो सांगत होता.

कोणता संकेत अक्षराचा आणि कोणता मोकळ्या जागेचा, हे त्या २५६ घरांच्या कोष्टकावरून ठरे. यूटीएफ-८ पद्धतीत आपला 'अ' तीन अंकांनी लिहिला जातो: २२४, १६४, १३३. इंग्रजी अक्षरे १२८ च्या आतच राहतात. आता 'कॅरेक्टर' उणे असू शकतो की नाही, हे सी भाषेच्या १९८९ च्या मानकाने ज्या त्या यंत्रावर सोडले आहे. इंटेलच्या यंत्रावर तो उणे धरतात, म्हणून २२४ चे उणे ३२ होतात आणि प्रोग्रॅम कोष्टकाच्या उंबरठ्याबाहेर जाऊन भलतेच काही वाचतो. रास्पबेरी पायमधील आर्म जातीच्या यंत्रावर लिनक्स तो उणे धरत नाही. दोष लायब्ररीत प्रथमपासून होता. तो आमच्या लिपीने उघडा पाडला, एवढेच.

'सर्वत्र उणे नको' असा एकच आदेश बांधणीत घालता आला असता. लिनक्सच्या गाभ्यात २०२३ पासून तसेच केले आहे. भाच्यास ते रुचले नाही. विंडोजवरील मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचा तसा आदेश निराळा. शिवाय फाइल वगळून नुसता कोड नेणाऱ्याचे काय? त्याने कोष्टक वापरणाऱ्या प्रत्येक ठिकाणी 'अनसाइन्ड' हा शब्द घातला आणि दोन्ही कंपायलरांस त्यांच्या त्यांच्या बोलीत इशारे देण्यास सांगितले. इशारा हीच चूक मानून बांधणी थांबवावी, असे मी मास्तरी बाण्याने सुचविले. "स्वतःपुरते ठीक," तो म्हणाला, "पण उद्याचा नवा कंपायलर नवे इशारे काढील आणि दूरदेशीच्या कोणाची तरी बांधणी विनाकारण अडेल."

भाऊबीजेच्या सायंकाळी सूची छापून निघाली. 'अ' आपल्या जागी होता. दुरुस्ती मूळ लेखकाकडे रवाना झाली आहे. उत्तराची वाट आहे.