कट्यारीची प्रतिकृती

कट्यार हे हाताच्या रेषेत चालणारे शस्त्र आहे. आडव्या दांड्यांवर मूठ वळते, दोन समांतर पट्ट्या मनगटाच्या दोन्ही अंगांनी मागे येतात आणि पाते थेट बोटांच्या पुढून निघते. ठोसा मारावा तसा वार होतो, खांद्यापासूनचे बळ सरळ अणीवर उतरते. म्हणूनच अनेक जुन्या कट्यारींची अणी मुद्दाम जाड ठेवलेली दिसते. चिलखताची कडी फोडताना बारीक टोक मोडले असते. संग्राहकासाठी केलेली प्रतिकृती कितपत खरी उतरली, हे पकड आणि जाडी या दोन गोष्टींवर ठरते. नक्षीचा विचार त्यानंतरचा.

ग्वाल्हेरला शस्त्रे पाहण्याची सोय आणि सवय दोन्ही जुन्या आहेत. 1810च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला. त्या वस्तीचे नाव आजही लष्कर आहे. जयाजीराव शिंद्यांनी 1874मध्ये उभारलेल्या जयविलास महालाच्या काही भागात 1964पासून संग्रहालय आहे, आणि 2022पासून मराठ्यांच्या इतिहासाचे वेगळे दालनही. दसऱ्याला मांढरे मातेच्या मंदिराजवळ शिंदे घराण्याचे प्रमुख तलवारीने शमीला स्पर्श करतात आणि लोक पाने लुटतात. जुन्या मराठी घरांत एखादे शस्त्र उरलेले असेल, तर ते खंडेनवमीला बाहेर येते, पुसले जाते आणि फूल वाहून पुन्हा आत जाते. प्रतिकृती घडवण्याचे मोठे धंदे मात्र दुसरीकडे आहेत. पोलादावर सोने बसवणारी कोफ्तगिरी उदयपुरात टिकून आहे. डेहराडूनमध्ये 1943मध्ये खुकऱ्यांपासून सुरू झालेला कारखाना आज परदेशी संग्राहकांना तलवारी आणि खंजीर पुरवतो.

कामाची सुरुवात मोजमापाने होते, आणि बहुतेक प्रतिकृती इथेच फसतात. काचेच्या कपाटातल्या कट्यारीच्या छायाचित्रावरून बाह्यरेषा मिळते, जाडी कळत नाही. मग कारागीर एकसारख्या जाडीची पोलादी पट्टी त्या रेषेवर कापतो, कडा घासतो आणि मूठ जोडतो. भिंतीवर ती शोभते. हातात घेताच पाते खाली ओढू लागते. मूळ पाते बुडापासून अणीकडे सावकाश पातळ होत जाते, मधली शीर उंच राहते, तिच्या दोन्ही बाजूंना उथळ खोलगट पट्टे घासून काढलेले असतात, आणि शेवटच्या इंच-दोन इंचांत जाडी पुन्हा वाढते. हे टिपायचे तर मूळ वस्तू मालकाच्या परवानगीने हाती घ्यावी लागते. दर इंचाला कॅलिपरने जाडी मोजायची, वजन करायचे, आणि कट्यार बोटावर तोलून तिचा तोल कुठे येतो त्या जागेची नोंद करायची.

मुठीतले अंतर हे सर्वांत नाजूक माप. जुन्या कट्यारीत चार बोटे दाटीने बसतात, इतकी की आजच्या माणसाला ती कुणा लहान चणीच्या माणसासाठी केलेली वाटते. गिऱ्हाइकाला हात सैल ठेवता यावा म्हणून दोन पट्ट्यांमधली जागा वाढवली, की ठोशाच्या वेळी मूठ आत हलते आणि पाते तिरपे होते. ती दाटी शस्त्राच्या रचनेचाच भाग आहे. ती सोडली तर उरलेली सगळी मेहनत वाया जाते.

पात्यासाठी आज बहुधा मोटारीच्या कमानपाट्याला वापरतात तसले स्प्रिंग पोलाद घेतात. त्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के असतो. जुन्या उत्तम पात्यांचे मुशीत वितळवलेले पोलाद वेगळे. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असे, आणि त्यातल्या कार्बाइडच्या बारीक ओळींमुळे पृष्ठभागावर पाण्याच्या लहरींसारखा जौहर दिसे. हल्ली दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकत्र ठोकून आम्लात बुडवतात आणि ठळक रेघा उठवतात. त्या रेघा देखण्या असल्या तरी जौहराशी त्यांचे नाते नाही. त्यापेक्षा स्वच्छ घासलेले साधे पाते मूळ वस्तूशी अधिक इमान राखते.

पाते घणाखाली ओढून, कानशीने आकारात आणून मग त्याला पाणी द्यायचे असते. भट्टीत ते आधी काळपट लाल होते, मग डाळिंबी, मग नारिंगीकडे झुकते. नुसत्या रंगावर विसंबणे धोक्याचे, कारण उन्हातला लाल आणि अंधारातला लाल सारखा दिसत नाही. म्हणून जवळ लोहचुंबक ठेवतात. सुमारे 770 अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला ओढ देईनासे होते. त्यानंतर थोडा आणखी ताव देऊन पाते अणीकडून सरळ उभे तेलात सोडायचे. तिरपे गेले तर एक बाजू आधी थंड होते आणि पाते वाकते. बाहेर काढल्यावर कडेवर कानस लावून पाहतात. काचेवर घसरावी तशी ती घसरली, की पाणी चढले.

या अवस्थेत पाते काचेइतकेच ठिसूळही असते. ते घासून चकचकीत करतात आणि जाड बुडाकडून हलकी आच देत पाणी उतरवतात. पृष्ठभागावर आधी गव्हाळ रंग येतो, मागून तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. तपकिरी रंगात जांभळी झाक दिसू लागली की आच बंद करायची. रंग इतक्या झरझर पुढे सरकतात की डोळा हलवता येत नाही. त्यानंतरचे घासकाम शिकलगाराच्या हातचे: शीर अणीपर्यंत सरळ जायला हवी, आणि ती केसभर जरी डावी-उजवीकडे गेली तरी उजेडात लगेच दिसते.

पाते आणि मूठ यांचा सांधा दोन प्रकारचा आढळतो. काही कट्यारी एकसंध घडवलेल्या असतात. काहींत मुठीतून पुढे आलेल्या दोन पत्र्यांमध्ये पाते धरून रिबिटे ठोकलेली असतात. दख्खनेत आणि दक्षिणेत युरोपी तलवारीची पाती अशी बसवत. स्वस्त प्रतिकृतीत तिथे वेल्डिंग करून, लेप भरून ग्राइंडर फिरवतात.

कोफ्तगिरीत पोलादावर बारीक पात्याने उभ्या-आडव्या चिरा पाडून जाळी करतात, मुठीला थोडी आच देतात, सोन्याची तार नक्षीवर ठेवून ठोकतात आणि अकीकाच्या दगडाने घोटतात. जिथे सोने झिजले आहे तिथे भिंगातून त्या चिरा दिसतात. सोनेरी मुलाम्याखाली त्या नसतात.

कट्यारीच्या तुलनेत बिचवा या वक्र खंजिराचे काम सोपे असले तरी त्याची दुहेरी वळणे फर्म्यावर तपासावी लागतात. वाघनखांच्या प्रती, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै 2024मध्ये साताऱ्यात प्रदर्शनासाठी आली त्याच्या पुष्कळ आधीपासून बाजारात आहेत. अनेकींत अंगठ्या एवढ्या मोठ्या असतात की नखे तळहातात लपतच नाहीत. नाटकातली कट्यार हा प्रकार निराळा. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ 1967पासून मराठी रंगभूमीवर आहे. तिथली कट्यार बोथट आणि हलकी असावी व शेवटच्या रांगेतून चमकावी, एवढे पुरे.

जुनी शस्त्रे देशाबाहेर नेता येत नाहीत. 1972च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, आणि प्रतिकृती परदेशी पाठवतानाही ती पुरातन नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घेता येतो. त्यासाठी घडवणाऱ्याची खूण आणि सन मुठीच्या आतल्या बाजूस कोरणे हाच सरळ मार्ग. आम्ल लावून, मिठाच्या पाण्यात ठेवून किंवा जमिनीत पुरून गंज चढवलेली आणि खूण नसलेली प्रत ही फसवणुकीची तयारी असते. शस्त्र कायद्याखालील नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात, आणि अधिसूचित क्षेत्रात त्यांना परवाना लागतो. कट्यारीचे पाते बुडाशी बऱ्याचदा तेवढे रुंद असते. संग्राहकाने हे आधी पाहून घ्यावे.

शेवटी म्यान. हलक्या लाकडाच्या दोन फाकी आतून कोरून चिकटवतात, वर मखमल किंवा चामडे ओढतात. तोंडाशी मोहनाळ आणि टोकाला तहनाळ बसते. अणी जाड असल्याने आतली पोकळी टोकापर्यंत मोकळी ठेवावी लागते, नाहीतर कट्यार अडकते. चामडे ओल धरते, म्हणून ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ठणठणीत राहिलेले पाते पावसाळ्यात म्यानात ठेवल्यास गंजते. तेवढे तीन-चार महिने पाते पातळ तेलाचा हात फिरवून म्यानाबाहेर, सुती फडक्यात ठेवतात.